तापीथडीच्या घळी

रेल्वेने प्रवास करणाऱ्या मराठी कुटुंबाला एक छंद असतो. गाडी स्टेशनात शिरली, की पिवळ्या पाटीवरचे गावाचे काळे नाव मोठ्याने वाचायचे आणि मग त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंचीही वाचायची. मग एखादे चौकस पोर हमखास विचारते, "बाबा, पण इथे समुद्र कुठे आहे?" आणि बाबा "अरे, तशी लिहायची पद्धत असते" असे पुटपुटून चहावाल्याला हाक मारतात. पोराचा प्रश्न मात्र चहाबरोबर गिळून टाकण्यासारखा नसतो. भुसावळला, मनमाडला, नागपूरला समुद्राचे नाव काढायचे कारण काय?

आमच्या चोपड्याच्या नशिबी अशी पाटीच नाही. ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून निघाली, ती नंदुरबार, अमळनेर, धरणगाव करीत तापीच्या दक्षिणेकडून जळगावला पोहोचली. चोपडे राहिले उत्तर तीरावर. त्यामुळे आमच्याकडे यायचे ते अमळनेरला किंवा जळगावला उतरून, एस. टी.त बसून, तापीचा पूल ओलांडूनच. पाटी असती, तर तिच्यावर सुमारे १९० मीटर, म्हणजे सव्वासहाशे फूट, असा आकडा लिहिलेला दिसला असता. महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरांपुढे हा आकडा अगदीच गरीब. पुण्याच्या साडेपाचशेपुढेही तो मान खाली घालील. पण या गरीब आकड्याच्या गावाजवळ जमिनीला जे झाले आहे, ते पुण्याच्या पर्वतीवरून दिसत नाही.

आधी या समुद्रसपाटीचा निकाल लावू. समुद्र कधी सपाट नसतो, हे चौपाटीवर भेळ खाणाऱ्यालाही ठाऊक आहे. भरती येते, ओहोटी येते, वारा पाणी ढकलतो. मग "सपाटी" म्हणायची कोणती? तर बंदरात मोजपट्टी लावून वर्षानुवर्षे पाण्याची पातळी टिपायची आणि त्या सर्वांची सरासरी काढायची. मुंबईच्या अपोलो बंदरावर अशी नोंद १८७८ पासून होत आली आहे. पुढे १९०९ मध्ये देशभरच्या उंचीच्या मोजणीचा मेळ घातला गेला, तेव्हा मुंबईसह नऊ बंदरांची सरासरी शून्य मानली गेली. त्या नवांत त्या वेळचे कराचीही होते. त्या शून्यापासून मोजणी खात्याची माणसे दुर्बीण आणि पट्ट्या घेऊन मैलोगणती चालत आत आली आणि गावोगाव दगडांवर उंचीच्या खुणा करीत गेली. बंदरातले शून्य असे पायी चालत देशभर पोहोचले.

पण चोपड्याला समुद्राशी जोडणारे दुसरेही एक माप आहे, आणि ते माणसाने लावलेले नाही. ते माप म्हणजे तापी. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला ती उगम पावते, तेव्हा समुद्रापासून सुमारे ७५२ मीटर उंचीवर असते. तेथून ७२४ किलोमीटर चालून ती सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. म्हणजे सरासरीने किलोमीटरमागे एक मीटर उतरणे झाले. हतनूरच्या धरणात पाणी पूर्ण भरले, की त्याची पातळी २१४ मीटर असते. खाली उकाईच्या धरणात ती १०५ मीटर असते. या दोन पाण्यांच्या मधे आमचा चोपडे तालुका आहे. पाण्याला समुद्राचा पत्ता विचारावा लागत नाही. पावसाचा थेंब सातपुड्यावर पडल्यापासून त्याची चाल सुरतेच्या दिशेनेच असते.

चोपड्याला पाहुणे येतात ते बहुधा लग्नकार्यासाठी. कार्य आटोपले, की पुण्यामुंबईची मंडळी जांभई देत विचारतात, "तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?" आम्ही उनपदेवचे नाव घेतो. अडावदजवळ सातपुड्याच्या कुशीत तो गरम पाण्याचा झरा आहे. शरभंग ऋषींसाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून तेथे ऊन पाणी काढले, अशी कथा सांगतात. शहादे तालुक्यातही उनपदेव नावाचे असेच स्थान आहे. पाहुणे स्नान करून येतात, केळीचे घड मोटारीत घालतात आणि जातात. ज्या पुलावरून ते आले, त्याच्या दोन्ही अंगांना काय पसरले आहे, याकडे त्यांचे लक्ष गेलेले नसते. त्यात त्यांचा दोष नाही. वरून पाहणाऱ्याला घळ दिसतच नाही, हा घळीचा स्वभावच आहे.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून पाहिले, तर हा मुलूख परातीसारखा सपाट. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, दक्षिणेला नजर पोचेपर्यंत कपाशी आणि केळी. तापीकडे निघावे, तरी बराच वेळ असेच चालते. मग एका शेताच्या बांधापाशी जमीन अचानक संपते. पुढच्या पावलाखाली वीस-तीस फूट खोल, उभ्या कडांची, पिवळ्या मातीची दरी असते. तिला दुसरी येऊन मिळालेली, त्या दोघींना तिसरी. मधे मातीचे सुळके, पाठीसारखे कणे, वर एखादी बाभूळ, मुळे अर्धी हवेत. वाट चुकलेली शेळी खालून ओरडते, पण कोठून ओरडते ते कळत नाही. अशा घळींची जाळी काठाकाठाने पसरत गेली आहेत आणि सर्वांचा उतार एकाच दिशेला, तापीच्या पात्राकडे. थाळनेरचा जुना किल्ला याच नदीच्या उत्तर तीरावर आहे. फारुकी सुलतानांनी सुरुवातीला तेथे ठाणे केले, त्याचे कारण नदीकडच्या बाजूला उभे राहून पाहिले म्हणजे समजते. अर्धा तट नदीनेच बांधून दिलेला आहे.

आता ही सपाटी आली कोठून आणि मग ती फाटली कशी, हे पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून आपल्या महाराष्ट्राचा काळा कातळ झाला, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. तापीच्या खोऱ्यात पुढे आणखी एक गोष्ट घडली. सातपुड्याच्या पायथ्याशी कातळाला पूर्वपश्चिम तडे गेले, उत्तरेचा भाग उंच राहिला आणि दक्षिणेचा खचला. भूगोलाच्या पुस्तकातली खचदरी ती हीच. उनपदेवचे ऊन पाणीही या खोल तड्यांच्या वाटेनेच वर येते. या खचलेल्या परातीत सातपुड्यावरून उतरणाऱ्या नद्या आणि खुद्द तापी लाखो वर्षे गाळ आणून ओतत राहिल्या. पायथ्याशी दगडगोटे आणि वाळू, मधे बारीक पोयटा. आज इकडे बोअर घेतले, तर शेकडो फूट जाऊनही कित्येकदा काळा कातळ लागत नाही. यंत्रातून नुसती माती, वाळू आणि चुनखडीचे खडे येत राहतात. आमची केळी ज्या जमिनीवर पोसते, ती अशी उसनी आलेली जमीन आहे.

आणि ज्या नदीने ती आणली, तीच ती परत नेते आहे.

नदी कधी भर घालते आणि कधी कापते, याचा हिशेब मोठा सरळ आहे. पाण्यापाशी जोर असतो तो उताराचा. उतार कमी आणि गाळ फार, असे झाले, की नदी ओझे टाकते. उतार वाढला किंवा पाणी वाढून गाळ कमी झाला, की ती आपल्याच अंथरुणाला चिरत खाली जाते. तापीच्या बाबतीत अभ्यासक तीन कारणे सांगतात. एक, येथील जमीन तड्यांच्या रेषेवर अजून थोडीथोडी हलते, उचलली जाते. दुसरे, पाऊसमान बदलले. हजारो वर्षांच्या कोरड्या काळानंतर मोसमी पाऊस जोराने परतला. आणि तिसरे कारण समुद्राचे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जगाचे पुष्कळ पाणी बर्फ होऊन उत्तरेकडे अडकले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरांच्या आसपास खाली होती. खंबातचे आखात तेव्हा कोरडे माळरान होते. ज्या घराचा तळमजलाच खाली गेला, त्याच्या जिन्याला पायऱ्या वाढवाव्या लागतात, नदीचेही तसेच.

नदीला समुद्राच्या खाली कापता येत नाही. समुद्र ही तिची शेवटची पायरी. वाटेत मात्र लहानसहान समुद्र पुष्कळ असतात. पात्रात कातळाची आड आली, की ती झिजेपर्यंत वरच्या सर्व भागाला तीच तळपातळी. ओढ्याची तळपातळी नदी, ओघळीची तळपातळी ओढा. आमच्या घळींचा समुद्र म्हणजे तापीचे पात्र. ते खोल गेले, म्हणून काठावर पडलेल्या पावसाला एकाएकी तीस, चाळीस, कोठे साठ फुटांची उडी मिळाली. तेव्हा गाव समुद्रापासून किती उंच, याने घळ ठरत नाही. शेत जवळच्या पात्रापासून किती उंच आणि मधे किती अंतर, याने ती ठरते.

हाच नियम सह्याद्रीला लावून पाहावा. लोणावळ्याला पाऊस एकाच डोंगरधारेवर पडतो, पण धारेच्या पश्चिमेचे पाणी उल्हासच्या दरीत सहाशे मीटर कोसळून थोडक्या मैलांत समुद्र गाठते. पूर्वेचे पाणी भीमेत, कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागरापर्यंत देशाटन करते. कृष्णा महाबळेश्वरला निघते, तेथून अरबी समुद्र अवघा ६४ किलोमीटर. पण ती तिकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालते. म्हणून उंची एकच असून कोकणच्या अंगाला कडे आणि दऱ्या, देशाच्या अंगाला संथ डोह आणि घाट. उंची ही बँकेतल्या ठेवीसारखी आहे. ती किती दिवसांत खर्च करायची, यावर सारे अवलंबून.

जगातली सर्वांत नावाजलेली घळ अमेरिकेत आहे. कोलोरॅडो नदीची ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. तिचा दक्षिणेचा काठ समुद्रापासून सुमारे २,१०० मीटर उंच. तेथेही गोष्ट तीच. सगळे पठार उचलले गेले, नदी मात्र होती तेथेच राहून पन्नास-साठ लाख वर्षे खाली कापत गेली. सुताराने करवत स्थिर धरावी आणि फळी वर सरकवावी, तसे. भोवती पाऊस कमी, म्हणून कडा झिजून उतरण झाल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. आपल्याकडे कातळातली अशी कापणी पाहायची, तर भंडारदऱ्याजवळ साम्रदची सांधण दरी आहे, तेथे पाण्याने कातळातली फट धरून वाट काढली. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी रांजण कोरले आहेत. नदी कातळ कापते ती नुसत्या पाण्याने नव्हे, पाण्याच्या हातातल्या दगडांनी, हे तेथे डोळ्यांनी दिसते. आणि आमच्या खानदेशातच तोरणमाळला, सुमारे साडेअकराशे मीटर उंचीच्या पठाराच्या कडेला, सीताखाई आहे. तेथे पावसाळ्यात काठावर उभे राहिले, म्हणजे पठार जेथे संपते तेथे पाणी काय करते, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

कातळाच्या या दऱ्यांपुढे तापीथडीच्या घळी म्हणजे पोरखेळ वाटेल. एका बाबतीत मात्र त्या वरचढ आहेत. कातळाची दरी वाढताना माणसाला दिसत नाही. तिला लाखो वर्षे लागतात. मातीची घळ एका माणसाच्या आयुष्यात वाढते. एका रात्रीतही वाढते.

हे मला समजले, ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांकडून. तापीकाठच्या एका खेड्यात त्यांची शेती आहे. सारे गाव त्यांना आप्पा म्हणते, म्हणून मीही आप्पाच म्हणतो. त्यांचा मुलगा शेतकीची पदवी घेऊन घरी आला आहे. मराठीच्या तासाला तो मागच्या बाकावर बसे, पण घरी आलेल्या मास्तरांना शेत दाखवताना मात्र पुढच्या बाकावरचा होतो. मागच्या साली दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बापलेकांत अबोला होता. कारण घळ.

आप्पांच्या विहिरीपासून थोड्या अंतरावर घळीचे तोंड आहे. ते "तोंड" म्हणत नाहीत, "डोके" म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. पाणी वाहते तापीकडे, पण घळ वाढते उलट, शेताकडे. वरून आलेले पाणी जेथे उडी घेते, तेथे खालची माती खरवडली जाते, वरचा थर अधांतरी होतो आणि धपकन बसतो. उडीची जागा तेवढी मागे सरकते. पुढच्या पावसात पुन्हा तेच.

आप्पांनी मला खाली उतरवले. आत गार होते. भिंतीवर हात ठेवला, तर कोरडी माती विटेसारखी घट्ट. "हिला नुसता ऊन-वारा काही करत नाही, सर," आप्पा म्हणाले. "पाणी दाखवा, मग बघा." त्यांनी एक ढेकूळ तांब्यातल्या पाण्यात टाकले. चहात पडलेल्या साखरेच्या खड्यासारखे ते बघता बघता विरले. बारीक पोयटा आणि त्याला धरून ठेवणारा चुना, एवढाच त्या भिंतीचा संसार. कोरडी असेतो उभी, ओली झाली की बसली. मग त्यांनी भिंतीत मांजर शिरेल एवढे एक भोक दाखवले. उन्हाळ्यात वरची काळी जमीन भेगाळते. मृगाचा पहिला सडाका त्या भेगांतून सरळ आत जातो, खालच्या घट्ट थरावर अडतो आणि आडवा वाहू लागतो. आत भुयार पडते. वर नांगर चालतो, कपाशी डोलते, कोणाला पत्ता नसतो. एके दिवशी छत बसते आणि शेतात विहिरीएवढा खड्डा दिसतो. दोन-चार खड्डे एकमेकांना मिळाले, की नवी घळ तयार.

चढून वर आल्यावर आप्पांनी घरातून एक लाल वही आणली. चोपड्याच्या माणसाला चोपडीचे कौतुक असायचेच. दरवर्षी पाडव्याला ते विहिरीच्या काठापासून घळीच्या डोक्यापर्यंत पावले मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. वडिलांनी शेत त्यांच्या हाती दिले, त्या वर्षी बेचाळीस पावले होती. मागच्या साली सतरा. मधल्या पानांवर पुष्कळ वर्षे आकडा हललेलाच नाही. कुठे एक पाऊल, कुठे अर्धे. आणि २००६ च्या पानावर एकदम सात पावले गेलेली. त्या ऑगस्टात तापी एवढी चढली होती, की खाली सुरत शहर पाण्यात बुडाले होते. सुरतेची बातमी वर्तमानपत्रात आली. आप्पांची सात पावले वहीत राहिली.

भांडण होते ते उपायावरून. मुलाचे म्हणणे होते, यंत्र लावू, घळीचे सुळके पाडू, खड्डे भरू, सगळे सपाट करू. चार बिघे जमीन वाढेल, ठिबक टाकून केळी लावू. हा विचार त्या एकट्याचा नाही. चंबळेपासून तापीपर्यंत ठिकठिकाणी घळी अशा सपाट होत आहेत, आणि जमिनीचा भाव पाहता कोणी तसे केले, तर त्याला नावे ठेवता येत नाहीत. आप्पांचे म्हणणे होते, भरलेली माती ही बसलेली माती नव्हे. त्यांनी शेजारच्या गावातले एक शेत दाखवले. तेथे अशीच भर घालून केळी लावली होती. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री पाण्याने जुनी वाट हुडकली आणि भर, केळी, ठिबकच्या नळ्या, सगळे तापीच्या स्वाधीन झाले.

"मग काहीच करायचे नाही का?" मुलाने माझ्यादेखत विचारले. हा प्रश्नही खोटा नव्हता. सतरा पावले संपली, की विहीर जाते. विहीर गेली, की शेत कोरडवाहू होते, आणि शेत कोरडवाहू झाले, की शेतकीची पदवी घेऊन घरी परतलेला मुलगा नोकरीसाठी जळगाव किंवा पुण्याची वाट धरतो. पाण्याचे या काठाला असे आहे, की नदी दिसते पण हाताला लागत नाही. तापी उंच काठांच्या मधून खोल वाहते, म्हणून ती पाटाच्या पाण्याला उपयोगाची नाही, असा शेरा इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनीही मारलेला आहे. आता पंपांनी पाणी उचलतात, पण प्रत्येक फुटाचे विजेचे बिल येते. विहिरींची पातळीही खाली चालली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्यात डोंगरातून आलेले ओढे मुरतात आणि खालच्या विहिरींना पाणी पुरवतात. भूजलाचे अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. वर जंगल विरळ झाले, की पाणी मुरण्याऐवजी धावते. धावणारे पाणी विहिरीला मिळत नाही आणि घळीला मात्र मिळते. एकाच पाण्याचे दोन हिशेब आहेत.

त्या रात्री जेवणानंतर ओसरीवर बोलणे निघाले ते १९७२ च्या दुष्काळाचे. आप्पा तेव्हा पोरसवदा होते. दुष्काळी कामावर त्यांनी बांधाच्या मातीची टोपली उचलली आहे, सुकडी खाल्ली आहे. शेतात बांध घालण्याचा सरकारी कायदा त्याच्याही आधीचा, १९४२ चा, मुंबई प्रांताचा. समपातळीवरून बांध घालावा, पाणी अडवावे, जिरवावे, ही विद्या त्यांच्या पिढीने टोपलीने शिकली. "तेव्हा बांध का टिकला, ठाऊक आहे?" ते मुलाकडे न पाहता म्हणाले. "सांडवा ठेवला होता म्हणून. पाण्याला जायला जागा ठेवली, तर ते सांगितल्या वाटेने जाते. नाही ठेवली, तर ते आपली वाट काढते."

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग आत जाऊन त्याने आपली वही आणली. तिच्यात शेताचा उतार मोजून काढलेला नकाशा होता, समपातळीच्या रेषांसह. दुर्बीण लावून त्याने प्रत्येक कोपऱ्याची उंची काढली होती, आणि शून्य धरले होते ते तापीच्या पात्राचे. मी विचारले, "समुद्रसपाटी का नाही धरली?" तो म्हणाला, "सर, समुद्र आमच्या विहिरीला काय करणार? करायचे ते तापी करते." स्टेशनवरच्या पाटीने मला जे कधी सांगितले नव्हते, ते त्याने एका वाक्यात सांगितले.

बाप आणि लेक नकाशावर वाकले. वरच्या शेताचे पाणी घळीच्या डोक्यावर यायच्या आधीच बांधाने अडवून एका बाजूला वळवायचे. तेथे दगडी सांडवा करायचा, आणि पुढच्या वाटेवर गवत वाढू द्यायचे, त्यात गुरे घालायची नाहीत. डोक्याची उभी कड खणून तिरकी करायची, म्हणजे पाण्याला उडी मिळणार नाही. घळीत ठिकठिकाणी दगडांचे लहान बांध घालायचे, म्हणजे वाहून आलेली माती तेथेच बसेल. दर बांधाबरोबर तळ वर येईल आणि घळीचा समुद्र तेवढा उंच होईल. सपाट करायचे ते फक्त शेवटचे रुंद टोक, जेथे घळ स्वतःच थकून उतरणीला लागली आहे. चार बिघ्यांचा एक बिघा झाला. यंत्र आले, पण आले ते बांध घालायला. एकमेकांशी न बोलणारी दोन माणसे मोजपट्टीची दोन टोके धरून उभी राहिली, एवढे मी निघताना पाहिले.

यंदा पाडव्याचा फोन मुलाने केला. पावले त्याने मोजली होती, आणि सतराच भरली. आप्पांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "एका वर्षाने फुगायचे नाही, सर. दोन हजार सहासारखे वर्ष येऊन जाऊ दे, मग बोलू." वहीत पुष्कळ वर्षे आकडा हललेला नव्हता, हे मला आठवले. घळ दरवर्षी खात नाही. ती वाट पाहते.

वाचकांपैकी कोणाला हा मुलूख पाहावासा वाटला, तर कार्तिक ते माघ हे दिवस चांगले. पावसाळ्यात काठाजवळ जाऊ नये. वरची जमीन आतून पोकळ आहे की भरीव, ते नवख्याला कळत नाही. अमळनेरहून एस. टी.ने यावे, तापीच्या पुलाजवळ उतरावे आणि गावातल्या एखाद्या माणसाला बरोबर घेऊन काठाकाठाने चालावे. कलत्या उन्हात पिवळ्या भिंतींवर थर स्पष्ट दिसतात. बारीक पोयट्याचा थर म्हणजे शांत पुराची वर्षे, गोट्यांचा थर म्हणजे नदी संतापल्याची वर्षे. चुनखडीचे पांढरे खडे दिसले, तर तो कोरडा काळ. मुलांना बरोबर आणावे, आणि ढेकूळ पाण्यात टाकून दाखवावे. मग "इथे समुद्र कुठे आहे?" असे त्यांनी विचारले, तर पात्राकडे बोट दाखवावे. ते पाणी तिकडेच निघाले आहे, आणि जाताना थोडी जमीन घेऊन चालले आहे.